आईसाठी तळमजला

त्या वर्षी आम्ही इतकी घरं पाहिली की शेवटी शेवटी मला सगळ्या घरांना एकच वास यायला लागला. ओल्या चुन्याचा, बंद मोरीचा आणि घर दाखवायला आलेल्या माणसाच्या सेंटचा. शनिवारची सकाळची शाळा आटोपली की मी पोलादपूरहून एसटीने महाडला यायची. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीतली पाळी संपवून स्टँडवर उभा असायचा. मग आम्ही दोघं कुठल्या तरी एजंटाच्या मागून कुठला तरी जिना चढायचो, खोल्यांचे दिवे लावून बघायचो, 'कळवतो' म्हणायचो आणि खाली उतरून टपरीवर चहा घेताना एकमेकांशी बोलायचोसुद्धा नाही. पोलादपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं बरं चाललं होतं. मुलगी पुण्याला शिकायला गेली होती. स्वतःच्या घराची हौस मधल्या वर्षांत कधीतरी विरून गेली होती आणि गेल्याचं वाईटही वाटत नव्हतं. घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही नुसतं पाहूनच अर्धमेले झालो होतो.

तरी पाहत होतो ते आईसाठी. पुढचा पावसाळा लागायच्या आत आईला डोंगरावरून खाली आणायचं होतं, आणि ती यायला तयार होईल असं घर काही मिळत नव्हतं.

आई कुडपणच्या अलीकडे आमच्या वाडीत एकटी राहायची. वाडी डोंगराच्या कुशीत आहे असं मी मुलांना निबंधात लिहायला शिकवते. खरं सांगायचं तर डोंगर आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर ओणवा उभा आहे. लहानपणी त्याची भीती वाटली नाही, कारण तेव्हा वाडीत माणसं होती. आता निम्म्याहून जास्त घरांना कुलपं आहेत, माणसं मुंबईला. आसपासच्या गावांवर दरडी कोसळल्या त्या वर्षानंतर आमच्या वाडीच्या वरच्या अंगालाही जमीन फाटलेली दिसायला लागली. पावसाळ्याच्या तोंडावर तलाठी आणि ग्रामसेवक यायचे, धोका आहे म्हणून सांगायचे, आणि राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना खालच्या शाळेत हलवायचे. आई पहिल्या वर्षी गेली. चौथ्या दिवशी भर पावसात चालत घरी परत आली. "लोकांच्या वळचनीला कोन बसल?" म्हणाली. पुढच्या वर्षी तिला न्यायला आले तेव्हा तिने आतून कडी लावून घेतली.

भावाची विरारला एक खोली आहे. तिच्यात पाचजण राहतात, तिथे ती सहावी कुठे मावणार? राहिले मी. पण आमच्याकडे आई लेकीच्या घरी राहत नाही. चार दिवस पाहुणी म्हणून येते, लेकीच्या हातचं खाते, पाचव्या दिवशी तिलाच कानकोंडं व्हायला लागतं. त्यातून घर भाड्याचं. "जावयाच्या दारात पावसाळा काढू होय गो? लोक शेण घालतील तोंडात," हे तिचं ठरलेलं उत्तर. लोक म्हणजे कोण, हे मी विचारत नसे. कुलूप लावून गेलेले लोक.

मग एका आषाढात सकाळीच वाडीतून फोन आला की वरच्या अंगाचा एक तुकडा खाली आला, शेवटच्या घराचा गोठा त्याने नेला. मी शाळेत न जाता तशीच निघाले. अर्ध्या वाटेपर्यंत जीप मिळाली, पुढे चिखलातून चालले. आई पडवीत बसून नाचणी पाखडत होती. गोठा गेला ते घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि ही नाचणी पाखडतेय. मी उभ्या उभ्या रडले आणि तिच्यावर ओरडलेही. दोन्ही एकदम करता येतं हे मला त्या दिवशी कळलं. आईने सूप बाजूला ठेवलं, माझे पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुझ्या नावावर घर झालं तर येईन."

"माझ्या म्हणजे?"

"तुझ्या. जावयाच्या न्हाय. मंग मी माझ्या लेकीच्या घरात ऱ्हाईन. त्याला कोन काय बोलनार?"

हे नवऱ्याला सांगताना मला अवघड वाटत होतं. तो हसला. म्हणाला, "घर तुझ्या नावावर. हप्ते कुणाच्या नावावर ते आईंनी सांगितलेलं दिसत नाही." नंतर गंभीरपणे म्हणाला, बघू या. आम्हा दोघांच्या संसारात 'बघू या' म्हणजे हो.

तर अशी ती घरं बघायची मोहीम. घर माझ्या नावावर होण्यासारखं, म्हणजे माझ्या पगारात कर्ज बसेल एवढ्या किमतीचं हवं. आईचे गुडघे गेलेले, म्हणून जिने नकोत. लिफ्टच्या इमारती आमच्या ऐपतीबाहेर. ऐपतीतल्या एका इमारतीत लिफ्टचा खड्डा होता, लिफ्ट नव्हती. 'येणार आहे' असं सांगणाऱ्या एजंटाच्या चेहऱ्यावरून ती आमच्या हयातीत येईल असं वाटेना.

आणि तिसरी अट, जी आम्ही कुणाला बोलून दाखवली नाही, ती म्हणजे डोंगर. नवराही पोलादपूर तालुक्यातल्याच एका वाडीचा. कुठल्याही घरात शिरलो की आम्ही दोघं आधी मागच्या खिडकीशी जायचो आणि मान वर करून बघायचो. चढ दिसला, कापलेली माती दिसली, की घर नापास. एका एजंटाला वाटलं आम्हाला देखाव्याची आवड आहे. पुढच्या खेपेला त्याने मुद्दाम डोंगराला चिकटलेली इमारत दाखवली आणि 'व्ह्यू' आहे म्हणून भाव वाढवून सांगितला. दुरून डोंगर साजरे ही म्हण मी मुलांना वाक्यात उपयोग करायला देते. आम्हाला ते साजरेपण अक्षरशः हवं होतं. जितका दूर तितका बरा.

शेवटी नाते गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, महाडच्या बाहेर, एक वसाहत सापडली. तीन-तीन मजल्यांच्या सहा इमारती, मध्ये मोकळी जागा, तिच्यात एक घसरगुंडी, एक औदुंबर आणि दुचाक्या. चहूकडे भातशेती, सपाट, एका पातळीत. डोंगर लांब, निळसर, निरुपद्रवी. "सगळी फॅमिली पब्लिक आहे," एजंट म्हणाला. "शिक्षक, बँकवाले, कंपनीवाले. भांडण नाही, तंटा नाही. बॅचलर ठेवत नाही." वसाहतीच्या कमिटीतले एक निवृत्त गृहस्थ मुलगी बघायला आल्यासारखे आमच्याकडे बघून गेले. घरात कोण कोण, गाव कुठलं, गाडी किती चाकांची. आई राहायला येणार आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला. म्हातारं माणूस घरात असलं की घर भरलेलं राहतं, असं काहीतरी ते म्हणाले. मी त्या वेळी फक्त मान हलवली.

विकायला होतं ते तळमजल्यावरचं घर. आठ-दहा वर्षं वापरलेलं, पण नव्याने रंग दिलेलं, आणि वरच्या मजल्यांपेक्षा बरंच स्वस्त. तळमजला स्वस्त का, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. आम्हाला वाटलं, देव पावला.

आईला दाखवायला आणलं तेव्हा ती चप्पल दाराबाहेर काढून थेट मागच्या खिडकीशी गेली. कुणी सांगायची गरज पडली नाही. गज धरून बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग वळून म्हणाली, "डोंगर लांब हाय," आणि त्या दिवसात पहिल्यांदा खाली बसली. हॉलमध्ये छातीपर्यंत टाइल्स लावलेल्या होत्या. मोरीत असतात तशा टाइल्स हॉलमध्ये बघून मला जरा विचित्र वाटलं, पण आई हात फिरवून म्हणाली, "बरं हाय, पुसलं का झालं." विजेची बटणं आणि प्लगही चांगले उंचावर होते. नवऱ्याने त्याचंही कौतुक केलं. "लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून. फॅमिली वसाहत आहे ना!" एजंट 'हो हो' म्हणाला. तो आणखी काय म्हणणार?

पुराची गोष्ट आम्हाला माहीत नव्हती असं कुणी समजू नये. महाडचा पूर माहीत नाही असा माणूस या भागात सापडायचा नाही. पण पूर म्हणजे बाजारपेठेत, सावित्रीच्या काठाला. आम्ही विचारलंही. एजंट म्हणाला, "इकडे कुठलं पाणी? मोठ्या पुरात आलं असेल तर येऊन गेलं." 'येऊन गेलं' हे त्याने इतक्या सहज म्हटलं की आम्ही मान डोलावली. डोंगरावरच्या माणसाला पाण्याची भीती शिकवलेलीच नसते. पाणी आमच्या दारावरून खाली धावतं, ओहोळातून ओढ्यात जातं आणि दिसेनासं होतं. ते पुढे कुणाच्या घरात जातं, हा विचार आमच्या सात पिढ्यांत कुणी केला नसेल. आम्ही तिघांनी तीन खिडक्यांतून वर बघितलं. खाली कुणीच बघितलं नाही.

चैत्रात घर माझ्या नावावर झालं. सह्या करताना आनंद व्हायला हवा होता, पण खरं म्हणजे मला झोप येत होती. हप्ता बसावा म्हणून मी शाळेनंतर पोलादपुरातच दोन शिकवण्या धरल्या. सकाळी अंधारात निघायचं, शाळा, शिकवण्या, एसटीची वाट, आणि घरी पोचायला दिवेलागण उलटून जायची. नवऱ्याच्या पाळ्या आठवड्याआड फिरत्या. म्हणजे घर घेतलं आणि घरात राहायला कुणाला वेळ उरला नाही. हे तेव्हा मनात येऊनही मी मागे सारलं. आई आली होती ना? मग झालं तर.

आई वैशाखात आली. सोबत तांदळाचं अर्धं पोतं, कुळीथ, एक कोयता आणि सूप. फ्लॅटमध्ये कोयता कशाला, असं मी म्हटलं तर म्हणाली, "असू दे, काय लागंल." काही लागलं नाही. भांड्यांना बाई होती, पाणी नळाला होतं, गॅस लायटरने पेटत होता. आई दिवसभर दार लावून आत बसायची. टीव्ही लावून द्यायचा तर म्हणायची, "त्यातली मानसं माझ्याशी थोडीच बोलत्यात." मी संध्याकाळी विचारायची, "काय केलंस दिवसभर?" ती म्हणायची, "बसले." वाडीत असताना 'बसले' हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. पण सुखरूप आहे, डोंगर लांब आहे, सवय होईल, असं म्हणत मी पोळ्या लाटायला घ्यायची.

मृग लागायच्या सुमाराला एका रविवारी जिन्यात एकदम वर्दळ सुरू झाली. शेजारच्या तळमजल्यावरून पत्र्याची पेटी वर चालली, मग गाद्या, मिक्सर, तांदळाचं पिंप. समोरच्या इमारतीतही तेच. नवरा म्हणाला, कुणीतरी घर बदलतंय वाटतं. मी म्हटलं, सगळेच्या सगळे? तेवढ्यात दारात दुसऱ्या मजल्यावरची बाई उभी. माझ्याच वयाची, पक्की महाडची. आमची तोंडओळख होती तेवढीच.

"मॅडम, तुमचं काय ठरलं?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"पाण्यात कुणाकडे जाणार?"

मग तिने दारातच उभं राहून, बस किती वाजता आहे हे सांगावं तितक्या साधेपणाने सांगितलं. इथे तळमजल्याच्या प्रत्येक घराचं वर एक घर ठरलेलं असतं. मृगाच्या आधी खालच्यांनी पेटी, धान्य, गाद्या वर नेऊन ठेवायच्या, त्या दिवाळीपर्यंत वरच राहतात. गावात पुराचा भोंगा झाला की माणसांनी जायचं. वरच्यांनी नाही म्हणायचं नाही आणि खालच्यांनी संकोच करायचा नाही. आमच्या आधीचे लोक तिच्याकडेच जायचे. "म्हणून म्हटलं, तुम्ही आमच्याकडेच येणार की दुसरीकडे ठरवलंत? जागा ठेवायची का?"

नवऱ्याची नजर हळूच भिंतीवरच्या टाइल्सवर गेली, तिथून वरच्या बटणांवर. माझीही गेली. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही हसू आलं नाही.

ती गेल्यावर मी आईला कसं सांगावं याचा विचार करत स्वयंपाकघरात उभी राहिले, पण आईने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा काळवंडला.

"म्हंजे पावसाळ्यात लोकांच्याकडंच जायाचं?"

"एखादा दिवस, आई. आलं पाणी तर. दरवर्षी येतंच असं नाही."

"शाळंत तरी सरकारची वळचन व्हती. ही परक्यांची. मला वाडीवर नेऊन सोड."

"कुठे सोडू? त्या दरडीखाली?"

"डोंगर माझ्या वळकीचा हाय," आई म्हणाली.

त्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बहुतेक मी तुझ्यासाठी किती केलं याचाच पाढा होता. प्रत्येक लेक आईपुढे कधी ना कधी तो वाचते आणि त्याचा काही उपयोग होत नाही. खरं तर मला रागही आला नव्हता, मी नुसती दमले होते. आगीतून फुफाट्यात हे मुलांना शिकवायला सोपं असतं. पण आईला हाताला धरून, कर्ज काढून, सह्या करून त्या फुफाट्यात आपणच आणून बसवलं की काय करायचं? दुसऱ्या दिवशी नवऱ्याने आमची पेटी आणि गाद्या मुकाट्याने वर नेऊन ठेवल्या. आईने तिची वळकटी मात्र नेऊ दिली नाही. पाऊस उघडला की वाडीवर जाणार, एवढंच तिने जाहीर केलं.

आषाढात पाऊस तीन दिवस थांबला नाही तेव्हा शाळांना सुट्टी दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीतून बघत होते. शेतात पाणी होतंच. आधी बांध दिसायचे, मग ते दिसेनासे झाले. पाणी धावत नव्हतं, आवाजही करत नव्हतं. आमच्याकडचं पाणी आरडाओरडा करत येतं. हे पाहुण्यासारखं आलं, गेटातून, घसरगुंडीच्या बाजूने, दुचाक्यांची चाकं बुडवत. आणि मग लांब गावात भोंगा झाला.

नवरा कामावर अडकलेला. मी गॅस बंद केला, वीज बंद केली, आईला म्हटलं, चल. आई पलंगावर मांडी घालून बसली होती. "तू जा," म्हणाली. "मी नाय जायची. पलंगावर बसंन. येऊन येऊन किती यील?" मी हाताला धरलं तर तिने हात काढून घेतला. पाणी पायरीला लागलं होतं. मला इतकं हतबल वाटलं की मीही तिच्या शेजारी पलंगावर बसले. एक क्षण खरोखरच असं वाटलं की राहू दे आता, इथेच बसू या दोघी.

तेवढ्यात वरची बाई धापा टाकत आली, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिने आईची समजूत घातली नाही. धोका आहे, जिवाची पर्वा करा, असलं काही बोलली नाही. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ महिन्याभराचं. ती म्हणाली, "आजी, शेजारच्यांचा फ्रीज वर घ्यायचाय, आमचे सगळे तिकडे आहेत. वर पोरगी एकटी, बाळ रडून रडून लाल झालंय आणि तिला ते धरताही येत नाही. मी फ्रीजला हात लावू की बाळाला? तुम्ही जा बघू वर."

आई उठली. कशी उठली ते मला कळलं नाही. काखेत वळकटी घेतली, पाण्यात पाय घातला आणि कठड्याला धरून जिना चढायला लागली. प्रत्येक पायरीला 'आई गं' म्हणत होती, पण चढत होती. मी मागून चढत होते. वर पोचले तेव्हा आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, बाळ तिच्या पायांवर पालथं होतं आणि ती त्याच्या पाठीवरून तळवा फिरवत त्या ओल्या, घाबरलेल्या पोरीला सांगत होती, "वारा धरलाय गो त्यानं. त्याल कोमट करून आन."

पाणी आमच्या घरात गुडघाभर आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेलं. येऊन गेलं. जाताना चिखल ठेवून गेलं. मी आणि नवऱ्याने दोन दिवस तो उपसला. टाइल्स खरंच पुसायला सोप्या आहेत, आई म्हणाली होती ते खोटं नाही. पलंगाचे पाय फुगले, कपाटाचं खालचं फळकूट गेलं. कंबर मोडेपर्यंत घासून घर लख्ख केलं आणि मी आईला आणायला वर गेले. ती म्हणाली, "बाळाला न्हाऊ घालते आनि येते." संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा ती वेणी घालून तयार. "कुठे?" "वर." मग हे रोजचंच झालं. बाळाची तेलमालीश, धुरी, बाळंतिणीला पेज, अळीवाची खीर. दुपारी वरच्या बाईशी गप्पा. संध्याकाळी मी यायच्या सुमाराला खाली. जिन्याची कुरकूर ती करायची, पण माझ्याकडे, वरच्यांकडे नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी जळले. जी बाई सख्ख्या लेकीच्या घरी पाचव्या दिवशी कानकोंडी व्हायची ती परक्यांच्या घरी तेलाचे हात पदराला पुसत हिंडते, आणि मी तिच्यासाठी घेतलेलं घर दिवसभर कुलपात. नवरा म्हणाला, "चल, तळमजला विकू आणि आईंना दुसऱ्या मजल्यावर पेइंग गेस्ट ठेवू." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

गणपतीला आई वाडीवर गेली. भाऊ मुंबईहून आला होता, घर उघडलं, पाच दिवस वाडी भरली. जाताना तिने वळकटी, सूप, सगळं नेलं, म्हणून मी मनाची तयारी केली. पाऊस ओसरत आला होता, तिने सांगितलेलं होतंच. पण गौरी-गणपती गेले, मुंबईवाले गेले, आणि एका संध्याकाळी मी घरी आले तर आई आमच्या दारात सूप घेऊन बसलेली, समोर तांदूळ. एकटीच एसटीने आली होती.

मी तिच्याजवळ खाली बसले. पिशवी खांद्यालाच होती. बऱ्याच दिवसांचं मनात होतं ते विचारलं. "आई, खरं सांग. हे घर तुला आवडलं का?"

"घर बरं हाय," आई म्हणाली. "पन घरात असतं कोन?"

वरून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. आईचे हात क्षणभर थांबले. मग वरच्या कुणीतरी त्याला घेतलं असावं, ते गप्प झालं आणि तिचे हात पुन्हा चालायला लागले.

"ती पोरगी दिवाळीनंतर सासरी जाईल, बाळाला घेऊन," मी म्हटलं. "मग काय करशील? जाशील वाडीवर?"

आईने एक खडा उचलून बाहेर टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग तू येत जा की जरा लवकर घरी."